क्लाउड अँटिव्हायरस: विचारू द्यावे, देताना मात्र थांबावे

पुण्यातील एका लहान लेखापाल कार्यालयातील संगणकांची देखभाल मी गेली काही वर्षे करतो. विवरणपत्रांच्या धामधुमीत एका दुपारी तिथल्या एका संगणकाच्या कोपऱ्यात छोटी चौकट उमटली आणि अमुक फाइल अधिक तपासणीसाठी पाठवायची आहे, परवानगी आहे का, असे अँटिव्हायरसने विचारले. समोर बसलेल्या मुलाने हातातले काम अडू नये म्हणून होकाराचे बटण दाबले. फाइल होती एका अशिलाच्या कारखान्यातील पगारपत्रकाची. मॅक्रो (फाइलमध्येच लिहून ठेवलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेली जुनी एक्सेल शीट, आणि तिच्यात कामगारांची नावे, पॅन आणि बँक खात्यांचे क्रमांक. पुढे त्यातून काही वाईट घडल्याचे कधी दिसले नाही. पण संध्याकाळी कार्यालयप्रमुखांनी 'ती फाइल आता आहे कुठे?' एवढेच विचारले, तेव्हा त्याचे उत्तर खोलीतल्या कोणाकडेही नव्हते, माझ्याकडेही नव्हते. ते उत्तर आधीच ठरवून ठेवता यावे, यासाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे.

सगळा घोळ ज्या ठिकाणी होतो ते आधी स्पष्ट करतो. 'क्लाउड तपासणी' या एका नावाखाली दोन वेगळी कामे चालतात. पहिले काम विचारण्याचे: आपल्या संगणकावर एखादी अनोळखी फाइल आली की अँटिव्हायरस तिची ओळखखूण कंपनीच्या सर्व्हरला कळवतो आणि 'ही तुमच्या माहितीतली आहे का, चांगली की वाईट' असे विचारतो. दुसरे काम देण्याचे: सर्व्हरलाही ती फाइल ठाऊक नसेल, तर पूर्ण फाइलच तपासणीसाठी मागवली जाते. पहिल्यात फार थोडे बाहेर जाते, दुसऱ्यात सगळेच जाते. बहुतेक अँटिव्हायरसमध्ये या दोन कामांची बटणे वेगळी असतात, मात्र ती शेजारीशेजारी असतात आणि सहसा सुरुवातीपासून दोन्ही चालू असतात. त्यामुळे घाबरलेला माणूस दोन्ही बंद करून टाकतो आणि निर्धास्त माणूस दोन्ही तशीच सोडतो. माझ्या मते विचारणे चालू ठेवावे आणि देणे आपल्या हाती घ्यावे. पुढील सर्व टप्पे या एका निर्णयाभोवती आहेत.

बाहेर नेमके काय जाते

ओळखखूण म्हणजे हॅश. फाइलच्या मजकुरावर गणिती प्रक्रिया करून काढलेला हा ठसा असतो. आज प्रचलित असलेल्या एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ अक्षरांचा असतो, फाइल एक पानाची असो वा हजार पानांची. मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो, आणि ठशावरून मूळ मजकूर उलटा काढता येत नाही. माणसाची ओळख पटवायला अंगठ्याचा ठसा पाठवला तर माणूस घरीच राहतो, तसा हा प्रकार आहे. एक बारीक अपवाद मात्र लक्षात ठेवावा: ज्याच्याकडे तीच फाइल आधीपासून आहे, त्याला ठशावरून ती आपल्याकडेही असल्याचे कळू शकते. सार्वजनिक सॉफ्टवेअरच्या बाबतीत याने काही बिघडत नाही. फुटलेल्या गोपनीय कागदपत्राच्या बाबतीत बिघडू शकते.

ठशासोबत जी इतर माहिती जाते तिच्याकडे लोक फारसे पाहत नाहीत. फाइलचे नाव, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पूर्ण मार्ग, ती कुठल्या संकेतस्थळावरून उतरवली, आकार, तारीख आणि आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील आपल्या जोडणीचा क्रमांक. आता 'घटस्फोट दावा अंतिम मसुदा' असे नाव आणि त्याआधी अशिलाच्या आडनावाचा फोल्डर असेल, तर आतला एकही शब्द न जाता जे सांगायला नको होते ते सांगून झालेले असते. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला असेल, तर वापरकर्त्याच्या फोल्डरला ई-मेल पत्त्याची पहिली पाच अक्षरे लागतात, म्हणजे मार्गात आपलेही नाव थोडेसे डोकावते. यावरचा उपाय अगदी साधा आहे: फाइलींना व फोल्डरांना प्रकरण क्रमांक द्यावेत, व्यक्तींची नावे आणि आजारांची नावे देऊ नयेत. वकील, डॉक्टर आणि लेखापाल यांनी या लेखातली एकच गोष्ट करायची ठरवली, तर ती ही करावी.

तिसरा प्रकार म्हणजे आपण उघडत असलेल्या संकेतस्थळांचे पत्ते, आणि चौथा म्हणजे संपूर्ण फाइल.

हे सगळे मुळात हवे कशाला, असा प्रश्न रास्त आहे. जर्मनीतील एव्ही-टेस्ट ही चाचणी संस्था दररोज साडेचार लाखांहून अधिक नव्या घातक व नकोशा प्रोग्रामांची नोंद होत असल्याचे सांगते. इतक्यांच्या खुणा प्रत्येक संगणकावर उतरवून ठेवणे शक्य नाही. ऑक्टोबर २०१७मध्ये 'बॅड रॅबिट' हे खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरू लागले, तेव्हा रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील एका संगणकावरून आलेल्या नमुन्याचे विश्लेषण होऊन, तो पहिल्यांदा आढळल्यापासून १४ मिनिटांत इतर ग्राहकांचे संरक्षण सुरू झाले, असे मायक्रोसॉफ्टने नंतर प्रसिद्ध केले. म्हणजे कोणीतरी नमुना दिला म्हणून इतर वाचले. नमुने पाठवणे हे स्वतःहून वाईट नाही. फक्त पाठवला जाणारा नमुना कोणाचा आणि कशाचा आहे, हे पाठवणाऱ्याला माहीत असले पाहिजे.

ते माहीत नसले तर काय होते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण २०१४चे आहे. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेतील साहित्य तिथल्याच एका माणसाने घरच्या संगणकावर ठेवले होते आणि त्या संगणकावर कॅस्परस्की अँटिव्हायरस होता. कंपनीने २०१७मध्ये दिलेल्या खुलाशानुसार, अँटिव्हायरसला घातक वाटलेली एक सेव्हन-झिप फाइल (या प्रोग्रामने अनेक फाइली दाबून एकत्र बांधलेले गाठोडे) नेहमीच्या पद्धतीने विश्लेषणासाठी पाठवली गेली, तिच्यात हेरगिरीच्या साधनांचा मूळ कोड आणि गोपनीय खुणा असलेली कागदपत्रे निघाली, आणि ती काढून टाकण्याचा आदेश देण्यात आला. रशियन गुप्तहेरांनी याचा फायदा घेतल्याचे आरोप अमेरिकी वृत्तपत्रांनी केले, ते कंपनीने फेटाळले. तो वाद इथे सोडवायचा नाही. कंपनीचेच म्हणणे शब्दशः खरे मानले तरी अँटिव्हायरसने जे करायचे तेच केले होते आणि तरीही जगातील एका अतिगुप्त संस्थेचे साहित्य दुसऱ्या देशातील कंपनीच्या सर्व्हरवर पोहोचले होते, एवढे आपल्या कामाला पुरेसे आहे.

विंडोज डिफेंडरमध्ये काय करावे

आपल्याकडील बहुतेक नव्या संगणकांवर दुसरा अँटिव्हायरस नसेल, तर विंडोजचा डिफेंडर काम करत असतो, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. स्टार्ट मेनूमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' शोधून उघडावे. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' या विभागात जावे आणि तिथल्या सेटिंगखालील 'मॅनेज सेटिंग्ज' या दुव्यावर क्लिक करावे. समोर बटणांची यादी येईल. त्यातील 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' हे चालू असलेच पाहिजे. त्याचा गोपनीयतेशी संबंध नाही आणि गोपनीयतेच्या नावाखाली ते बंद करणाऱ्यांची संख्या पाहून मला नेहमी आश्चर्य वाटते. त्याखालचे 'क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन' म्हणजे वर सांगितलेले विचारणे. हेही चालू ठेवावे. 'ऑटोमॅटिक सॅम्पल सबमिशन' म्हणजे देणे, आणि आपला निर्णय या बटणाबद्दल घ्यायचा आहे.

या बटणाची मूळ स्थिती अनेकांना वाटते तितकी आंधळी नाही. मायक्रोसॉफ्टच्या वर्गवारीत ज्या प्रकारच्या फाइलींत वैयक्तिक माहिती सहसा नसते, उदाहरणार्थ ईएक्सई, डीएलएल, बॅट यांसारख्या चालवण्याच्या फाइली, त्या 'सुरक्षित नमुने' मानून न विचारता पाठवल्या जातात. वैयक्तिक माहिती असण्याची शक्यता असलेली फाइल हवी असेल, तर आधी विचारले जाते. सुरुवातीला सांगितलेल्या प्रसंगात उमटलेली चौकट ही तीच होती. घरच्या संगणकासाठी ही मूळ स्थिती मला चालण्यासारखी वाटते, अट एवढीच की चौकट उमटल्यावर ती वाचली जावी आणि फाइल कागदपत्राची असेल तर नकार द्यावा. घरात मुले किंवा वयस्कर माणसे तोच संगणक वापरत असतील आणि कोणतीही चौकट होकार देऊनच घालवायची सवय असेल, तर हे बटण बंद करावे. स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्यांनीही ते बंद करण्याचा विचार करावा, कारण त्यांनी नुकतीच तयार केलेली ईएक्सई फाइल जगात कोणीच पाहिलेली नसते, आणि तिच्यात ग्राहकाच्या सर्व्हरचा पासवर्ड लिहून ठेवण्याची वाईट सवय आपल्या व्यवसायात अजून गेलेली नाही. बटण बंद केल्यावर विंडोज पिवळी खूण दाखवून धोक्याचा इशारा देते. तो इशारा समजून-उमजून बाजूला सारता येतो.

कार्यालयात विंडोजची प्रो आवृत्ती असेल, तर प्रत्येक यंत्रावर बटण दाबत बसण्याऐवजी ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे विंडोजचे नियम एका जागी ठरवण्याच्या सोयीतून, नियम लावावा. तिच्या संपादकात संगणकाच्या विभागात प्रशासकीय साच्यांखाली विंडोज घटक, त्यात मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटिव्हायरस आणि त्यात 'मॅप्स' (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड तपासणीचे नाव) हा फोल्डर आहे. तिथे नमुने पाठवण्याबाबतच्या नियमाला चार पर्याय दिसतात: नेहमी विचारावे, सुरक्षित नमुने पाठवावेत, कधीच पाठवू नयेत आणि सर्व नमुने पाठवावेत. अशिलांची कागदपत्रे हाताळणाऱ्या कार्यालयाने पहिला किंवा तिसरा पर्याय निवडावा. तिसऱ्याची किंमत अशी की अनोळखी फाइल प्रथमदर्शनीच अडवून ठेवण्याची डिफेंडरची सोय मग चालत नाही. पहिल्याची किंमत अशी की प्रत्येक वेळी माणसाला निर्णय घ्यावा लागतो. ज्या कार्यालयात निर्णय घेणारा एकच जाणता माणूस आहे तिथे मी पहिला लावतो, आणि वर सांगितलेल्या लेखापालांकडे त्या दिवसानंतर तिसरा लावला.

'एक्स्क्लुजन' ही सोय मात्र गोपनीयतेसाठी वापरू नये. गोपनीय फोल्डर तपासणीतून वगळला की त्यातील काही बाहेर जाणार नाही हे खरे, पण मग त्या फोल्डरात आलेला विषाणूही कोणी पाहणार नाही, आणि नेमका तोच फोल्डर आपल्याला सर्वांत मौल्यवान असतो.

इतर अँटिव्हायरस

नावे वेगळी असली तरी शोधायच्या गोष्टी त्याच आहेत. कॅस्परस्कीमध्ये या यंत्रणेला 'कॅस्परस्की सिक्युरिटी नेटवर्क' म्हणतात आणि तिच्यात सहभागी व्हायचे की नाही, हे सेटिंगमधून बदलता येते. ईसेटमध्ये 'लाइव्हग्रिड' आहे, आणि इथली मांडणी मला सर्वांत प्रामाणिक वाटते: फाइलची प्रतिष्ठा तपासण्याची यंत्रणा (म्हणजे विचारणे) आणि नमुने पाठवण्याची यंत्रणा (म्हणजे देणे) यांना वेगळी बटणे आहेत, आणि नमुन्यांच्या बाबतीत कागदपत्रे सोडून बाकीचे पाठवावे असा स्वतंत्र पर्यायही आहे. तो निवडला की बहुतेक काम झाले. अव्हास्ट आणि एव्हीजीमध्ये सामान्य सेटिंगखाली 'पर्सनल प्रायव्हसी' असा विभाग असतो. तिथल्या सर्व खुणा एकेक करून वाचाव्यात.

अव्हास्टचे नाव आले म्हणून थोडे थांबतो, कारण त्या प्रकरणाने चर्चेची दिशाच बदलली. तिथे प्रश्न नमुन्यांचा नव्हता, पत्त्यांचा होता. ब्राउझरमधील त्यांच्या सुरक्षा विस्तारातून (एक्स्टेंशनमधून) लोक कोणती पाने उघडतात याची माहिती गोळा होत असे, ती जंपशॉट नावाच्या उपकंपनीकडे जात असे आणि तिथून ती विकली जात असे. जानेवारी २०२०मध्ये पत्रकारांनी हे उघड केल्यावर काही दिवसांतच जंपशॉट बंद करण्यात आली. फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचा आदेश जाहीर केला. माहिती शंभराहून अधिक कंपन्यांना विकली गेल्याचे आयोगाचे म्हणणे होते. 'ट्रॅकिंगपासून वाचवतो' असे सांगून दिलेले सॉफ्टवेअर ट्रॅकिंगच करत होते. तेव्हा अँटिव्हायरसने ब्राउझरमध्ये बसवलेला विस्तार काढून टाकावा, हा माझा सरळ सल्ला आहे. घातक संकेतस्थळे अडवण्याचे काम आजचे ब्राउझर स्वतः करतात.

आपल्या पुण्याच्या क्विक हीलबद्दल हमखास विचारले जाते. कंपनी इथली आहे, कात्रजच्या घाटापलीकडेही माहिती जात नसेल, असा एक भाबडा विश्वास लोकांच्या मनात असतो. कंपनी कुठली आहे याने कायदा कोणता लागू होतो ते ठरते. बाहेर काय जाते ते ठरत नाही. तिथेही सेटिंगची सर्व पाने उघडून व्हायरसची आकडेवारी कळवणे, संशयास्पद फाइली पाठवणे, क्लाउड सुरक्षा अशा मजकुराच्या खुणा शोधाव्यात आणि वरचाच नियम लावावा.

फाइल तपासून देणारी संकेतस्थळे

आतापर्यंत जे सांगितले त्यात अँटिव्हायरस आपल्या अपरोक्ष काही पाठवतो हा धोका होता. प्रत्यक्षात मी पाहिलेली अधिक प्रकरणे वेगळी आहेत: माणूस स्वतःच फाइल नेऊन देतो. व्हायरसटोटल हे त्यातले सर्वांत मोठे ठिकाण. स्पेनमधील मालागा येथे २००४मध्ये सुरू झालेली ही सेवा २०१२मध्ये गूगलने घेतली. तिथे फाइल टाकली की अनेक अँटिव्हायरस इंजिने एकाच वेळी ती तपासतात, आणि ते फुकट. पण तिथे टाकलेली फाइल सुरक्षा क्षेत्रातील भागीदारांना दिली जाते आणि पैसे भरणारे सदस्य ती उतरवूनही घेऊ शकतात. हे लपवलेले नाही. वैयक्तिक माहिती टाकू नका, असे फाइल टाकण्याच्या पानावरच लिहिलेले असते. ते वाचतो कोण, हा वेगळा प्रश्न. मार्च २०२२मध्ये जर्मनीच्या बीएसआय या सायबर सुरक्षा संस्थेला, कंपन्या आपली गोपनीय कागदपत्रे अर्धस्वयंचलित पद्धतीने तिथे टाकत असल्याबद्दल इशारा द्यावा लागला. आणि पुढच्याच वर्षी तर कमाल झाली: व्हायरसटोटलच्याच एका कर्मचाऱ्याकडून ग्राहकांची यादी असलेली फाइल चुकून तिथे टाकली गेली. सुमारे ५,६०० नावे व ई-मेल पत्ते, त्यांत अमेरिकी आणि जर्मन गुप्तचर संस्थांमधील माणसांचेही. ती लवकर काढली गेली, पण तोवर बाहेर पोहोचली होती. घरच्या माणसाची ही गत, तर आपण सावध राहिलेले बरे.

अशी सेवा वापरण्याची योग्य पद्धत म्हणजे फाइल न टाकता आधी तिचा हॅश शोधणे. सेव्हन-झिप बसवलेले असेल, तर फाइलवर उजवे क्लिक करून 'सीआरसी एसएचए' या मेनूतून एसएचए-२५६ निवडावे. ६४ अक्षरांचा ठसा मिळेल. विंडोजमधील पॉवरशेल ही आज्ञा लिहिण्याची खिडकी वापरणाऱ्यांना 'गेट-फाइलहॅश' ही आज्ञा आहे. हा ठसा व्हायरसटोटलच्या 'सर्च' या चौकटीत टाकावा. कोणीतरी ती फाइल पूर्वी तपासली असेल, तर संपूर्ण निकाल समोर येतो आणि आपल्याकडून फाइल जात नाही. इंटरनेटवरून उतरवलेले सॉफ्टवेअर, ड्रायव्हर, फॉन्ट अशा सार्वजनिक गोष्टींसाठी ही पद्धत उत्तम आहे. निकालच मिळाला नाही तर ती फाइल निर्धोक ठरत नाही. ती फक्त त्यांच्या ओळखीची नाही. सार्वजनिक सॉफ्टवेअर म्हणून मिळालेली फाइल जगात कोणीच पाहिलेली नसेल, तर तीच संशयाची मोठी खूण समजावी.

कागदपत्रांच्या बाबतीत ही युक्ती फारशी चालत नाही, कारण आपल्या नावाने आलेले बँकेचे विवरण किंवा रक्ततपासणीचा अहवाल जगात एकच असतो आणि त्याचा ठसा कोठेही नोंदलेला नसतो. अशा संशयास्पद जोडपत्रासाठी आधी पाठवणाऱ्याला फोन करावा, ई-मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नव्हे, आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर. त्यानंतरही उघडून पाहणे भाग असेल, तर संगणकावरच तपासणी करणारी साधने वापरावीत. क्लॅमएव्ही हे मुक्त सॉफ्टवेअर विषाणूंच्या खुणा उतरवून घेऊन फाइल जागच्या जागी तपासते. नव्या धोक्यांच्या बाबतीत ते मोठ्या उत्पादनांच्या मागे राहते, पण फाइल बाहेर पाठवत नाही. पत्रकारांमध्ये प्रचलित असलेले डेंजरझोन हे साधन मला अधिक उपयोगी वाटते: संशयास्पद कागदपत्र ते आपल्याच संगणकातील एका बंदिस्त कप्प्यात उघडते, प्रत्येक पानाचे चित्र करते आणि त्या चित्रांपासून नवी पीडीएफ तयार करते, त्यामुळे मजकूर वाचता येतो आणि आतला घातक कोड मागे राहतो. मॅक्रोची एक्सेल फाइल अशा रीतीने पाहता येईल, पण तिची सूत्रे चालणार नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

ब्राउझर, कुलूपबंद फाइली आणि फोन

क्रोममध्ये सेटिंग, तेथून गोपनीयता व सुरक्षा आणि तेथून 'सिक्युरिटी' या पानावर 'सेफ ब्राउझिंग'चे स्तर दिसतात. 'स्टँडर्ड' स्तरात मार्च २०२४पासून पत्त्यांची तपासणी त्याच क्षणी होते, पण पत्त्याच्या हॅशचा फक्त सुरुवातीचा तुकडा जातो, तोही आयपी पत्ता झाकणाऱ्या मधल्या सर्व्हरमार्फत. 'एन्हान्स्ड' स्तरात गूगलला अधिक माहिती जाते आणि संशयास्पद वाटलेली उतरवलेली फाइलही पाठवली जाऊ शकते. इथे एक खाचखळगा आहे. पासवर्डने बंद केलेली झिप फाइल क्लाउड तपासणीला आतून दिसत नाही, म्हणून गोपनीय कागद पाठवताना आपण तिचा आधार घेतो. परंतु एन्हान्स्ड स्तरात क्रोम अशा संशयास्पद फाइलीचा पासवर्ड विचारू शकतो आणि तो दिला तर फाइल व पासवर्ड दोन्ही तपासणीसाठी जातात. स्टँडर्ड स्तरात तपासणी संगणकावरच होते. अशिलांची कागदपत्रे उतरवणाऱ्यांनी स्टँडर्ड ठेवावा. सेव्हन-झिपने फाइल बंद करताना सेव्हन-झेड हा प्रकार निवडून फाइलींची नावेही कुलूपबंद करण्याची खूण करावी, नाही तर साध्या झिपमध्ये मजकूर लपतो पण नावांची यादी उघडीच राहते.

काही अँटिव्हायरस एचटीटीपीएस, म्हणजे संकेतस्थळ आणि ब्राउझर यांच्यातील कुलूपबंद, वाहतूकही उघडून तपासतात आणि त्यासाठी संगणकात स्वतःचे प्रमाणपत्र (संकेतस्थळाची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) बसवतात. आपल्याकडे तसे होते का, ते पाहायला बँकेचे संकेतस्थळ उघडून पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करावे आणि प्रमाणपत्र कोणी दिले आहे ते वाचावे. तिथे प्रमाणपत्र संस्थेऐवजी अँटिव्हायरसचे नाव दिसले, तर ही तपासणी चालू आहे. तिच्या सेटिंगमधून किमान बँका आणि रुग्णालयांची संकेतस्थळे वगळावीत.

अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर स्पर्श करून 'प्ले प्रोटेक्ट' उघडावे आणि तिथल्या सेटिंगमध्ये दोन बटणे पाहावीत. ॲप तपासणीचे पहिले चालूच ठेवावे. दुसरे, घातक ॲप ओळखण्यात सुधारणा करण्याचे, अनोळखी ॲप गूगलकडे पाठवते. ॲप पाठवते, आपले फोटो नाही, म्हणून सामान्य माणसाने तेही चालू ठेवायला हरकत नाही. फोनवर वेगळा अँटिव्हायरस घेण्याबद्दल मी उत्साही नाही. ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्हजने २०१९मध्ये २५० अँड्रॉइड सुरक्षा ॲप तपासले, तेव्हा घातक ॲपपैकी ३० टक्क्यांहून अधिक ओळखणारे केवळ ८० निघाले.

आपल्या काळजीचे प्रमाणही तपासून पाहावे. कागद जीमेलने पाठवला असेल, तर जोडपत्र गूगलच्या सर्व्हरवर तपासले गेलेले आहे. गूगल ड्राइव्हही १०० एमबीपेक्षा लहान फाइली उतरवण्यापूर्वी तपासते. सगळे कागद ड्राइव्हवर ठेवायचे आणि अँटिव्हायरसच्या एका चौकटीने झोप उडवून घ्यायची, यात अर्थ नाही.

सेटिंग बदलल्यावर संरक्षण शिल्लक आहे ना, हे पाहून घ्यावे. आयकार ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल उतरवली की अँटिव्हायरसने तत्काळ ओरडले पाहिजे. एएमटीएसओ या संघटनेच्या संकेतस्थळावर सुरक्षा वैशिष्ट्ये तपासण्याचे पान आहे. तिथल्या क्लाउड चौकशीच्या चाचणीतही तो ओरडला, तर आपले विचारणे चालू आहे असे समजावे. मोठ्या अद्ययावतीकरणानंतर बटणे पुन्हा एकदा पाहावीत.

कार्यालयांसाठी आणि चुकून फाइल गेली असेल तर

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांचा अवधी देण्यात आला. वाजवी सुरक्षा न राखल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लहान कार्यालयाला एवढा दंड होईल असे मी म्हणत नाही; पण अशिलाचा कागद तपासणीच्या संकेतस्थळावर टाकणे म्हणजे तो त्रयस्थाला देणे, आणि तो देणारे आपणच, अँटिव्हायरस कंपनी नव्हे, एवढे कर्मचाऱ्यांना लेखी कळवून ठेवावे. नियम चार ओळींचा पुरे: जोडपत्राचा संशय आला तर कोणाला सांगायचे, तपासणीचे संकेतस्थळ कोणत्या फाइलींसाठी वापरायचे, चौकट उमटली तर काय दाबायचे आणि ती माहिती कोणत्या वहीत नोंदवायची.

वही महत्त्वाची आहे, कारण चूक झालीच तर पहिल्या तासात तीच उपयोगी पडते. फाइलची मूळ प्रत जपून ठेवावी आणि तिचा हॅश काढावा. काढून टाकण्याची विनंती करताना त्या एका ओळीने नेमकी फाइल दाखवता येते. संकेतस्थळावर टाकली असेल, तर त्याच्या संपर्क पानावरून हॅश देऊन ती हटवण्याची मागणी करावी. अँटिव्हायरसने पाठवली असेल, तर कंपनीच्या गोपनीयता विभागाला वेळ, संगणकाचे नाव आणि हॅश लिहून कळवावे. उत्तराची वाट पाहत बसू नये. फाइलमध्ये पासवर्ड असतील तर ते त्याच दिवशी बदलावेत, खाते क्रमांक असतील तर अशिलाला स्वतः फोन करून सांगावे, आणि केव्हा काय कळवले ते वहीत त्याच तारखेखाली लिहावे.